सगुणाबाईंच्या नावाची पट्टी

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या गेस्ट हाऊसचा जिना चढून सगुणाबाई टोपली घेऊन वर आल्या, की नवीन पाहुण्याला वाटायचं मासे विकायला आल्या. टोपली मासळीचीच होती. वर धुतलेला पंचाही तसाच अंथरलेला असायचा. पंच्याखाली मात्र असायचं क्रेडिट कार्डाचं मशीन.

कोल्हापूरचा एक औषधविक्रेता एकदा दारातच म्हणाला, "मावशी, पापलेट आहे का ताजं?"

"हाय ना," सगुणाबाई म्हणाल्या, "पन ह्या पापलेटाला कापायला तुमचंच कार्ड लागतं."

मी तेव्हा खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत महिन्याच्या बोलीवर राहत होतो. चाळीसगावहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेलो, कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलेलो. हे मशीन येणार म्हणून मी फार उत्सुक होतो आणि पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विरस झाला. त्याला वीज लागत नव्हती, तार नव्हती, एक दिवासुद्धा नव्हता. वहीएवढा एक लोखंडी पाट, त्यावर इकडून तिकडे सरकणारा दांडा. पाटावर कार्ड ठेवायचं, वर कार्बनची तीन पानी पावती ठेवायची आणि दांडा दाबून ओढायचा. खर्र जायचं, खट् करून परत यायचं. कार्डावरची उठावाची अक्षरं पावतीवर उमटायची आणि त्याखाली पाटाला कायम बसवलेल्या एका पट्टीवरची अक्षरंही. त्या पट्टीवर गेस्ट हाऊसचं नाव आणि बँकेने दिलेला नंबर होता. पाहुणा सही करायचा, एक पान त्याला, एक आपल्याला, एक बँकेला. एवढाच कारभार.

पण सगुणाबाईंना ते मशीन फार आवडलं. त्याचं कारण ती पट्टी होती. त्यांना मराठी जेमतेम वाचता यायचं, इंग्रजी नाहीच. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्या उठावाच्या अक्षरांवर बोट ठेवायला लावलं आणि एकेक अक्षर विचारून घेतलं. नंतर त्या डोळे मिटून बोट फिरवायच्या आणि सांगायच्या, "हा सापासारखा, तो स. मंग ग. मंग ना. नाव माजंच हाय."

त्यांचं नाव तोपर्यंत कशावरच नव्हतं. लग्न होऊन कोळीवाड्यात आल्या तेव्हा नवऱ्याची, गोमाजीची, होडी होती. होडीवर नाव गोमाजीच्या मेलेल्या आजोबांचं. परवान्यात तेच नाव, सोसायटीत तेच नाव, कुणी बदललं नाही आणि बदलायची कुणाला गरजही वाटली नाही. त्यांच्यात होडी कुणाच्या नावाची हे विचारत नाहीत. पाण्यात कोण घालतं आणि मासळी कोण विकतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, आणि वाटा तोंडी ठरतो. गोमाजी मासळी आणून सगुणाबाईंच्या पुढ्यात ओतायचा, त्या नौपाड्यात दारोदार विकायच्या. पैसा त्यांच्या कमरेला. गोमाजीला विडी ओढायची तरी बायकोपुढे हात करायचा. ह्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही, कारण त्याच्या बापानेही तेच केलं होतं.

मग खाडीचं पाणी बिघडत गेलं. जाळ्यात चिंबोरीऐवजी प्लास्टिक यायला लागलं, आलीच तर मासळीला रॉकेलचा वास. सगुणाबाईंनी मासळी वाळवायच्या जागेवर खोल्या बांधायचं काढलं. ठाण्यात तेव्हा कारखान्यांना बाहेरगावची माणसं लागत होती आणि त्यांना चार दिवस टेकायला जागा लागत होती. खाली दोन खोल्या आणि स्वतःचं घर, वर सहा खोल्या. परवाना अर्थातच गोमाजीच्या नावाने. दोन वर्षांत गोमाजी गेला. परवाना तसाच राहिला. होडीसारखाच.

धंदाही त्यांनी मासळीसारखाच चालवला. सकाळची भवानी झाल्याशिवाय उधारीचा शब्द नाही. पहिला पैसा हातावर पडला की तो कपाळाला लावायचा, भिंतीवरच्या एकवीरेच्या तसबिरीकडे बघायचं, मग पुढचं. पाहुण्याला घाई असो, टॅक्सी दारात उभी असो, तेवढं व्हायचंच.

हे मशीन आणलं सुधीर गुप्ते यांनी.

सुधीर नौपाड्यातले. त्यांच्या आईकडे सगुणाबाई वर्षानुवर्षं मासे घालायच्या. म्हातारी शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा रोज कोळंबीचं पातळ कालवण करून घेऊन जायच्या, कारण तिला दुसरं काही उतरत नव्हतं. ती गेली. सुधीरना बहीण नव्हती. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला ते नारळ घेऊन कोळीवाड्यात आले आणि हात पुढे करून म्हणाले, आता तूच बांध. तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला, कोळीवाड्याची मिरवणूक खाडीवर निघायच्या आधी, सुधीर येणार, राखी बांधून घेणार आणि ओवाळणी म्हणून सगुणाबाईंच्या हातावर सकाळची भवानी करणार, हे ठरलेलं. मी स्वतः हे पाहिलंय. नाटक वाटावं असं त्यात काही नव्हतं.

सुधीर वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेबाचं काम करायचे. कंपनी बंद पडली. मग ते सगुणाबाईंची कागदपत्रं बघायला लागले. त्यांच्याच ओळखीने एका मोठ्या कारखान्याची माणसं गेस्ट हाऊसमध्ये उतरायला लागली. त्या कारखान्याचे मधु वर्तक म्हणून एक अधिकारी होते, पाहुण्यांची सोय त्यांच्याकडे. वर्तकांनी एक दिवस सांगितलं की आमच्या इंजिनीयर लोकांना आता कंपनीने कार्डं दिलीत, कार्ड घेणार असाल तर वरच्या सगळ्या खोल्या वर्षभर आमच्या.

ह्यात काय अडकलं होतं ते सगुणाबाईंना बरोबर कळत होतं. सहा खोल्या भरलेल्या राहिल्या तर घर राहणार. कोळीवाड्यात रिकाम्या मजल्याला एकच गिऱ्हाईक असतं, बिल्डर. तो तेव्हाच आठवड्यातून एकदा चहाला येऊन बसत होता.

बँकेला मशीन द्यायला चालू खातं हवं होतं, आणि खात्याला परवान्यावरचं नाव. परवान्यावर गोमाजी. सुधीरनी सांगितलं की मयताचं नाव काढून तुझं लावून घेऊ, महिन्या-दोन महिन्यांचं काम आहे. सगुणाबाईंनी मान हलवली. गोमाजीचं नाव खोडायचं नाही. तो गेला म्हणून काय झालं, आजोबा जाऊन किती वर्षं झाली, होडी चाललीच ना. मग सुधीरनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी आपल्या पत्त्यावर, स्वतः मालक म्हणून, एक वेगळी फर्म काढली, तिचं खातं काढलं आणि फर्मला नाव दिलं 'सगुणा गेस्ट हाऊस'. मशीन त्या फर्मला मिळालं, आणि कोळीवाड्यातल्या दारावर त्याच नावाचा मराठी बोर्ड लागला. म्हणाले, "ताई, खातं माझं, नाव तुझं, पैसा तुझा. चालेल?"

त्यांना ते अगदी ओळखीचं वाटलं. नाव एकाचं, जाळं दुसऱ्याचं, वाटा तोंडी. आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं. त्या हसून म्हणाल्या, "होडी तुजी, मासली माजी. चालंल."

आणि तीन वर्षं खरंच चाललं. हे लिहिलं पाहिजे, कारण पुढे बऱ्याच वर्षांनी कोळीवाड्यात काही लोक म्हणायला लागले की सुधीरने पैसे खाल्ले. खाल्ले नाहीत. बँकेत पैसे जमा झाले की ते पाकिटात घालून स्वतः आणून द्यायचे. सगुणाबाई पाकीट कपाळाला लावायच्या. फक्त भवानीचा प्रश्न आला होता. कागदाची भवानी धरायची का, असं त्यांनी सुधीरना विचारलं होतं. सुधीर म्हणाले, सही म्हणजे हातच की. पण बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी नियम केला की सकाळी आधी कुणीतरी चहाचे पैसे रोख हातावर ठेवायचे, मग मशीन टोपलीतून बाहेर निघायचं. ते कुणीतरी बहुतेक मीच असायचो.

एकदा पावसाळ्यात त्या जिन्यावर घसरल्या. स्वतः वाचल्या, टोपली वाचली, पण मशीन पायरीवर आपटलं आणि पट्टीच्या कोपऱ्याला खोच पडली. दोन दिवस त्यांना चैन नव्हती. मी दांड्याचा रूळ सरळ करून दिला, पट्टी मात्र तशीच राहिली. बोट फिरवताना त्या आता शेवटच्या अक्षरानंतर त्या खोचेवरही थांबायच्या.

पंच्याण्णव साल लागलं. जानेवारीत सुधीर आले आणि म्हणाले की बँकेचा माणूस मशीन तपासायला मागतोय, चार दिवस घेऊन जातो. मी म्हटलं की काही बिघडलं असेल तर मीच बघतो, ह्यात बिघडण्यासारखं आहे काय. सुधीर म्हणाले, बँकेचे नियम असतात. सगुणाबाईंनी मशीन पुसलं, पंच्यात गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं. पंचा परत आणून दे म्हणाल्या.

चार दिवसांचे पंधरा झाले. वर राहणारे इंजिनीयर एकेक करून गेले, नवीन आले नाहीत. सगुणाबाईंनी कोपऱ्यावरच्या बूथवरून सुधीरना फोन केला, येईल ताई, असं उत्तर मिळालं. पुन्हा केला, तेव्हा वहिनींनी सांगितलं की ते साइटवर गेलेत. कसली साइट, हे सगुणाबाईंनी विचारलं नाही. भाऊ आहे, सांगायचं तेव्हा सांगेल. त्या रोज सहा खोल्या झाडून घ्यायच्या, चादरी बदलायच्या. कुणी झोपलेलंच नसायचं, तरी बदलायच्या.

मार्चमध्ये सुधीर गाडी घेऊन आले. हातात साडी आणि नारळ. गुढीपाडव्याला घोडबंदर रोडवर एक शुभारंभ आहे, ताईच्या हातून व्हायला हवा, काय ते तिथेच बघ. मशीनचं विचारलं तर हसून म्हणाले, तिथेच आहे.

पाडव्याला मी त्यांच्याबरोबर गेलो. ती नवी साडी त्यांनी कोळी पद्धतीने काष्टा घालून नेसली होती, केसात अबोलीचा गजरा. घोडबंदर रोडला तेव्हा इमारती नुसत्या उठत होत्या, मध्येच भातशेती, मध्येच चकचकीत काच. बस एका चार मजली इमारतीपुढे थांबली. वर इंग्रजीत मोठा बोर्ड. बाईंनी मान वर करून हवेतच बोट फिरवलं. स. ग. ना.

"माजं नाव," त्या म्हणाल्या. आवाजात आनंदच होता. तो क्षण मला आजही नकोसा वाटतो.

सुधीरनी त्यांना पुढे घेतलं, हातात कात्री दिली. जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की माझ्या आईला शेवटचा घास हिने भरवला, आज जे काही आहे ते हिच्या नावाने आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक-दोन बायकांनी डोळे पुसले. सगुणाबाईंनी फीत कापली, पेढा खाल्ला, सगळ्यांना हात जोडले.

आत काउंटर होता, संगमरवरी. त्यावर मशीन. बाई थेट तिकडे गेल्या. पट्टीवर बोट ठेवलं, नावावरून फिरवत कोपऱ्यापर्यंत नेलं आणि खोचेवर थांबवलं.

वर्तकसाहेब तिथेच थंड पीत उभे होते. ते मनापासून खुश होते. म्हणाले की मावशी, छान झालं, इथे लिफ्ट आहे, पार्किंग आहे. आणि आमच्या ऑफिसमध्ये काहीसुद्धा बदलावं लागलं नाही. नाव तेच, नंबर तोच.

सगुणाबाई माझ्याकडे वळल्या. "नंबर कुनाचा?"

मी त्यांना सांगितलं. नाव माणसांसाठी असतं, बँक फक्त नंबर बघते, आणि नंबर सुधीरच्या फर्मचा आहे. मशीन कुठल्या इमारतीत ठेवलंय ह्याच्याशी कागदाला काही देणंघेणं नाही. त्या शांतपणे ऐकत होत्या. मी थांबलो तशी त्यांनी बोट पट्टीवरून काढलं.

सुधीर पाहुण्यांना सोडून जवळ आले होते.

"सुधीर, मशीन माजं ना रे?"

"ताई, मशीन बँकेचं असतं. खातं माझं आहे, तुला सगळं सांगूनच केलं होतं." ते हळू आवाजात बोलत होते. "आणि तुझी ती जागा किती दिवस चालणार? पुढेमागे बिल्डर घेणारच. मला जमीन घेताना कुणीतरी पैसे घालणारा हवा होता, त्याला तयार गिऱ्हाईक दाखवावं लागतं. मी तुझं नाव पुसलं का? उलट चार मजल्यांवर लावलंय."

"मना इचारलं असतंस तर दिलं असतं."

"म्हणून तर नाही विचारलं," सुधीर म्हणाले. "तू दिलंच असतंस."

 काउंटरच्या मागे एका खिळ्यावर सगुणाबाईंचा पंचा टांगला होता. तेवढा त्यांनी मागून घेतला.

परतताना बसमध्ये त्यांनी तो पंचा घडी करून मांडीवर ठेवला होता. खोपटच्या एसटी डेपोपाशी बस थांबली. मग म्हणाल्या की चोरी केली असती तर बोंब मारली असती, अख्खा कोळीवाडा नौपाड्यात नेला असता. ह्याच्यावर काय बोंब मारायची, त्याने तर फीत कापायला बोलावलं.

तेच खरं होतं. कोळीवाड्यात ज्याला त्याला कौतुक. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, चार मजल्यांवर बहिणीचं नाव लावलंय. बायका त्यांना मासळी बाजारात थांबवून पेढे मागायच्या. आणि ज्या बाईने नौपाड्यातल्या भल्याभल्या गृहिणींना घासाघिशीत हरवलं होतं, ती त्या बायकांना एवढंच म्हणायची, "हो बाय, लावलंय."

एप्रिलमध्ये त्यांनी जे कधी करायचं नाही म्हणाल्या होत्या ते केलं. परवान्यावरून गोमाजीचं नाव काढून स्वतःचं लावून घेतलं. नगरपालिकेची महापालिका होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या 'मुन्शिपाल्टी'च म्हणायच्या. तिथून बाहेर आल्यावर बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. मग आम्ही बँकेत गेलो. तिथला तरुण अधिकारी सभ्य होता. त्याने सगळं तपासलं आणि सांगितलं की मशीन मिळेल, पण 'सगुणा' नावाचं गेस्ट हाऊस ठाण्यात आधीच नोंदलेलं आहे, गोंधळ नको म्हणून दुसरं नाव सुचवा.

"दुसरं कंचं नाव?" बाई म्हणाल्या. "मना एकच हाय."

त्यांनी मशीन घेतलं नाही. घरी येऊन त्यांनी दारावरचा मराठी बोर्ड उतरवला आणि उलटा करून मोरीवर झाकण म्हणून टाकला. नवीन लावला नाही. रिक्षावाले पाहुण्यांना 'कोळणीकडे' म्हणून आणून सोडायला लागले. येणारे साधे होते. इस्पितळात कुणाला भेटायला आलेले, लग्नाला आलेले, खोपटला उतरून कोकणची गाडी चुकलेले. सहातल्या दोन खोल्या भरायच्या, कधी तीन. बिल्डरला चहा मिळत राहिला, बाकी काही नाही.

नारळी पौर्णिमा आली. सकाळपासून कोळीवाड्यात बँडची तयारी, पोरींचे गजरे, सोन्याचा नारळ बघायला गर्दी. सगुणाबाई ओटीवर बसल्या होत्या. अजून भवानी झालेली नव्हती. मी चहाचे पैसे काढले, तर त्यांनी हातानेच थांब म्हटलं.

सुधीर आले. दरवर्षीसारखा नारळ, पांढरा सदरा, मनगट आधीच पुढे. मला वाटतं त्यांना खरोखरच काही खुपत नव्हतं. त्यांच्या हिशेबात त्यांनी कुणाचं काही घेतलं नव्हतं.

दरवर्षी ते आत, देवासमोरच्या पाटावर बसायचे. बाईंनी त्यांना ओटीवरचा बाक दाखवला. त्या बाकावर पाहुणे बसायचे, सामान घेऊन, खोली मिळेपर्यंत. सुधीर बसले. बाई आत गेल्या. मला वाटलं ताट आणतील. त्या कपबशी घेऊन आल्या, चहाची. बाकावर ठेवली.

सुधीरनी चहा पिताना पावसापाण्याचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. बाईंनी नीट उत्तरं दिली. कप रिकामा झाला. सुधीरनी पुन्हा मनगट पुढे केलं आणि हसून म्हणाले, "राखी विसरलीस का?"

सगुणाबाईंनी आपला तळवा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"चहाचे," त्या म्हणाल्या. "पाव्हन्याकडून रोखच घेते मी. मशीन नाय माज्याकडं."

सुधीरना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी पाकीट काढलं आणि एक मोठी नोट त्यांच्या हातावर ठेवली. बाईंनी ती परत करून सुटे मागितले. ते शोधताना सुधीरच्या हाताला वेळ लागला, नाणं खाली पडलं, त्यांनी वाकून उचललं. शेवटी चहापुरते पैसे बाईंच्या तळव्यावर आले.

त्या दिवसाचा तो पहिला पैसा होता. माझं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. हात कपाळाकडे गेला नाही. त्यांनी पैसे तसेच डब्यात टाकले, रिकामा कप उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दे रं आता तुजे. भवानी व्हायची हाय."

मी दिले. ते त्यांनी कपाळाला लावले, आत एकवीरेकडे पाहिलं. सुधीर अजून तिथेच उभे होते, मनगट मोकळं, काखेत नारळ. बाहेर मिरवणूक निघाली होती. बाईंनी पदर खोचला आणि त्यांच्याजवळून, जिन्यावर कुणी अनोळखी माणूस भेटला तर जितकं अंग चोरायचं तितकंच चोरून, त्या खाडीकडे निघाल्या.